साठ मिनिटांच्या कॅसेटवरचं लंडन

"मामा, एवढा शांत माणूस तू, आणि हे असलं आरडाओरडीचं ऐकतोस?" भाची गाडीत बसली की हा प्रश्न ठरलेला. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो: "साहेब, त्यातले शब्द तरी कळतात का?" परवा भाचीची मैत्रीण घरी आली होती. कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. तिनं नेमकं विचारलं, "काका, ते इंग्लंडचं, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं राजकारण. तुमचा त्याच्याशी काय संबंध?"

तिघांचंही उत्तर माझ्याकडे थकलेलं आहे. ते द्यायचं तर 'लंडन कॉलिंग' या अल्बमच्या एका कॅसेटपासून सुरुवात करावी लागेल.

१९९७ साली आयटीआयमधून टर्नरचा कोर्स करून मी भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागलो. पहिली पाळी सकाळी सातची, चिंचवडहून कंपनीची बस सव्वासहाला. माझ्या एका मित्राचा थोरला भाऊ बोटीवर होता. त्यानं कुठल्याशा बंदरातून आणलेल्या एलपींमध्ये द क्लॅश या इंग्लिश पंक बँडचा 'लंडन कॉलिंग' होता, आणि मित्रानं तो मला कॅसेटवर उतरवून दिला. अल्बम आहे ६५ मिनिटांचा. घरात कोरी होती ती ६० मिनिटांची कॅसेट. तिसाव्या मिनिटाला पहिली बाजू संपायची, आणि तेव्हा दहावं गाणं नुकतं कुठं सुरू झालेलं असायचं. बेस गिटारचे चार-सहा जड, खालच्या पट्टीतले सूर, आणि वॉकमनचं बटण खट्कन वर. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं असंच मध्ये तुटायचं. मित्रानं कव्हरवरून बॉलपेननं उतरवलेल्या यादीत तर त्या गाण्याचं नावच नव्हतं. चुकून दुसऱ्याच कुणाचं गाणं टेप झालं असावं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

बसमध्ये अंधार असायचा. निम्मे लोक झोपलेले. मी खिडकीशी बसून ती कॅसेट ऐकायचो. सुट्टी सोडून आठवड्यातून सहा दिवस, जवळजवळ दोन वर्षं.

शब्द कळत नव्हते, हे खरं आहे. मी मराठी शाळेत शिकलो. त्यात जो स्ट्रमर हा त्यांचा मुख्य गायक शब्द गिळतो, चावतो, फेकतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाही कागद समोर घ्यावा लागतो. मला आधी कळला तो ठेका. पहिल्या गाण्यात गिटार आणि ड्रम एकाच जागी, एकाच वजनानं पाय आपटत चालतात, जणू माणसं बूट घालून रस्त्यावरून येताहेत. त्यावर बेस वरून खाली घरंगळत येतो. लेथवर जाड शाफ्ट लावला की चक फिरायला लागताना एक विशिष्ट घरघर होते, ती मला त्यात ऐकू यायची. शब्दांआधी अंगाला कळलेलं गाणं आहे ते.

घरी एकदा मी ते मोठ्या आवाजात लावलं. वडील दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी तरुणपणी शाहीर अमर शेखांना संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये ऐकलेलं होतं, त्यामुळे डफावर थाप पडल्यावर माणूस कसा उभा राहतो हे त्यांना ठाऊक. ते म्हणाले, "हा गात नाहीये रे. हा हाका मारतोय." मी त्यांना अल्बमचं नाव सांगितलं. त्याचा अर्थ तोच, लंडन हाक मारतंय. नाव ऐकून ते हसले आणि म्हणाले, "हे तर बीबीसीवाले म्हणायचे."

खरंच म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीचं परदेशांसाठीचं प्रसारण याच शब्दांनी सुरू व्हायचं. बाँब पडत होते, पण लंडन अजून जागेवर आहे, बोलतंय, असा त्याचा अर्थ. आमच्या घरी आणीबाणीत रात्री दार लावून बीबीसीची हिंदी सेवा ऐकली जायची. आपल्याच देशात काय चाललंय ते कळावं म्हणून वडील लंडनला कान लावून बसायचे. स्ट्रमरनं १९७९ साली तेच शब्द घेतले आणि उलटे फिरवले. त्याच्या गाण्यातलं लंडन कुणालाही धीर देत नाही. ते बुडतंय.

पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातलं ते धसमुसळं रॉक, म्हणजे नुसता राग, असं सगळे समजतात. मीही समजत होतो. पुढे डिक्शनरी घेऊन ते पहिलं गाणं एकेक ओळ करून लावत गेलो, तेव्हा कळलं की ते भीतीचं गाणं आहे. १९७९च्या मार्चमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. त्याच काळात टेम्स नदीला पूर येऊन लंडनचा मध्यभाग पाण्याखाली जाईल ही भीती होती. नदीवरचा मोठा बंधारा अजून बांधून व्हायचा होता. स्ट्रमरचं घर टेम्सपासून जवळच होतं, आणि नदीकाठी राहतो हे तो गाण्यात सांगतो. आदल्या वर्षी त्याला कावीळ झाली होती. तिचे पिवळे डोळेही गाण्यात आलेत. गाणं संपताना बँडमधला मिक जोन्स गिटारवरची कळ झटझट वर-खाली करून मोर्स कोडमधला एसओएस वाजवतो. बोटीवरून मदतीसाठी पाठवतात तो. माझी कॅसेट बोटीवरच्या माणसाकडून आली होती, म्हणून हे कळल्यावर मला फार गंमत वाटली होती.

घाबरलेला माणूस हाका मारतोय. पण एका जागी बसून रडत नाहीये, चालत सुटलाय. माझ्या लेखी सगळा अल्बम त्या पहिल्या तीन मिनिटांत आहे.

त्या वर्षाचं थोडं सांगायला हवं. मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. त्याआधीचा हिवाळा संपांचा होता. कचरा रस्त्यावर, काही ठिकाणी प्रेतं पुरायला माणसं नाहीत. बेकारी वाढत होती आणि पुढच्या तीन वर्षांत ती ३० लाखांवर गेली. आणि नॅशनल फ्रंट नावाचा पक्ष, काळ्या आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांना देशाबाहेर काढा म्हणणारा, त्या निवडणुकीत ३०३ उमेदवार उभे करत होता. २३ एप्रिल १९७९ रोजी त्यांनी साउथॉलमध्ये सभा लावली. साउथॉल म्हणजे लंडनचं पंजाब. तिथल्या लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. पोलिसांनी मारलेल्या लाठ्यांच्या त्या दिवशी ब्लेअर पीच नावाचा न्यूझीलंडहून आलेला शिक्षक डोक्याला मार लागून मेला. तो बहुधा पोलिसाच्याच फटक्यानं मेला, हे सांगणारा पोलिसांचा स्वतःचा अहवाल लोकांना वाचायला मिळायला २०१० साल उजाडलं. त्या दिवशी अटक झालेल्यांच्या खटल्यांसाठी जुलैमध्ये मदतीचे कार्यक्रम झाले, त्यात क्लॅश वाजवून आले. पुढच्याच महिन्यात ते हा अल्बम रेकॉर्ड करायला बसले.

तेव्हा माझ्या भाचीच्या मैत्रिणीला पहिलं उत्तर हे, की त्या राजकारणात आपली माणसं होती. लाठ्या त्यांच्या डोक्यावर पडल्या होत्या.

स्ट्रमरचं खरं नाव जॉन ग्रॅहॅम मेलर. जन्म तुर्कस्तानात अंकाऱ्याचा, कारण वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला. त्या वडिलांचा जन्म लखनौचा. म्हणजे साम्राज्याची नोकरी करणाऱ्या घरातलं पोर ते. त्याचा थोरला भाऊ नॅशनल फ्रंटकडे ओढला गेला होता, आणि १९७० साली त्यानं आत्महत्या केली. मी याच्यावरून काही सिद्धान्त मांडणार नाही. पण द्वेष काय असतो ते या माणसानं स्वतःच्या घरात, शेजारच्या खाटेवर पाहिलं होतं, हे त्याला ऐकताना माझ्या मनातून जात नाही.

आता आरडाओरडीबद्दल. भाचीला मी एकदा सांगितलं होतं, नीट मोज, यात १९ गाणी आहेत आणि त्यातली ओरडून म्हटलेली किती? फार थोडी. यात जमैकाचा रेगे आहे, स्का आहे, पन्नाशीच्या दशकातलं रॉकअँडरोल आहे, जाझची चाल आहे, पितळी वाद्यांचा ताफा आहे, प्रेमात दुखावलेल्याचं साधं गाणं आहे. पंकवाले बाकी सगळ्या संगीताला तुच्छ लेखत होते त्या काळात या चौघांनी दार सताड उघडं टाकलं. रागावलेल्या माणसाचे कान बंद होतात, असा आपला अनुभव असतो. भांडणात समोरच्याचं ऐकू येत नाही. या अल्बममध्ये राग आहे आणि कान शाबूत आहेत. इतका राग असून इतकं ऐकणारी माणसं मी दुसरीकडे फार पाहिली नाहीत, आणि अल्बमचं राजकारण मला तिथंच सापडतं. 'काळ्यांशी बंधुभावानं वागा' असं सांगणारं एकही गाणं त्यात नाही. काळ्या लोकांचा ठेका मात्र घरातल्या माणसासारखा वावरतो. रेगेमध्ये गिटारचा ठोका आपण टाळी देऊ त्या जागी पडत नाही, दोन टाळ्यांच्या मध्ये पडतो, आणि गाणं चालवतो तो बेस. हे शिकायला सवय मोडावी लागते. त्यांनी ती मोडली.

ही गाणी तयार झाली पिमलिको भागात एका गॅरेजच्या मागच्या खोलीत. रोज दुपारी समोरच्या मैदानात फुटबॉल, मग सराव. सरावाची एक टेप त्यांच्या माणसानं भुयारी रेल्वेत विसरली, ती गेली ती गेलीच. दुसरी प्रत मिक जोन्सला खोक्यात सापडायला २००४ उजाडलं. रेकॉर्डिंग हायबरी भागात, पूर्वी चर्चचा हॉल असलेल्या स्टुडिओत झालं. निर्माता गाय स्टीव्हन्स. या माणसाबद्दल मी तासभर बोलू शकेन. दारूनं पोखरलेला, कुणी काम द्यायला तयार नाही असा, आणि क्लॅशनं हट्टानं त्यालाच घेतलं. तो वाजवणाऱ्यांच्या अंगावर खुर्च्या फेकायचा, शिडी गरगर फिरवायचा, पियानोत दारू ओतायचा. सगळं एका हेतूनं: वाजवताना माणूस जपून वाजवू नये. 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' हे जुनं गाणं त्यांनी सुरुवातीला सहज वाजवलं. ड्रमर टॉपर हेडन म्हणाला, पुन्हा घेऊ, माझी लय वाढत गेली. स्टीव्हन्सनं सांगितलं, रॉकअँडरोलची लय वाढतेच, झालं, हेच ठेवायचं. तो पहिलाच टेक अल्बमवर आहे. मी आयुष्यभर मायक्रोमीटर हातात घेऊन शतांश मिलिमीटर मोजत आलोय. चुकीला जागा नसलेलं काम. तरी वाढत गेलेली ती लय ऐकताना मला दर वेळी बरं वाटतं. जॉबवर मापाला चिकटून राहायचं आणि गाण्यात नाही, हे मला त्या गाण्यानं समजावलं. दोन वर्षांत, १९८१ साली, स्टीव्हन्स गेला. त्याच्या हातून झालेलं शेवटचं मोठं काम हेच.

आठवं गाणं 'लॉस्ट इन द सुपरमार्केट'. मऊ आवाजातलं, जवळजवळ अंगाईसारखं. दुकानात सगळं आहे आणि आपल्याला काय हवंय तेच आठवत नाही, अशी त्यातल्या माणसाची गत. शिवाय लहानपणीच्या आठवणी: वरच्या मजल्यावरच्या लोकांची भांडणं भिंतीतून ऐकू येणं, कुणाचं लक्ष नसणं. म्हटलंय मिक जोन्सनं. लिहिलंय स्ट्रमरनं. जोन्सचे आईवडील वेगळे झाले होते, तो आजीजवळ वाढला आणि तिच्याच बरोबर एका टॉवरच्या अठराव्या मजल्यावर राहायचा. स्ट्रमरनं मित्राच्या बालपणात स्वतः जाऊन ते गाणं लिहिलं आणि त्याच्या हातात दिलं, घे, हे तुझं आहे. दोन पुरुषांमधली इतकी हळवी देवाणघेवाण मी पंकमध्ये कल्पिली नव्हती. माझ्या मित्रानं ती कॅसेट टेप करायला रविवारचा एक तास शेजारी बसून घालवला होता. गाणं ऐकताना मला तोही आठवतो.

मग नववं, 'क्लॅम्पडाउन'. याला मराठीत नेमका शब्द आहे: मुस्कटदाबी.

या गाण्याची सुरुवातच एका माणसाचं पागोटं उतरवण्यानं होते. हा ज्यू आहे का, असं विचारत. पोरांना कोवळ्या वयात वाकडी भाषा शिकवून भक्त बनवणाऱ्यांबद्दल ते आहे. २००६ साली इंग्लंडच्या ईशान्य भागात भारतीय वंशाचा एक तरुण टॅक्सीनं विमानतळावर जाताना याच अल्बमचं पहिलं गाणं लावून ऐकत होता. युद्धाचे शब्द ऐकून टॅक्सीवाल्यानं पोलिसांना कळवलं. त्या तरुणाला विमानातून उतरवलं, चौकशी केली, विमान चुकलं. गाण्यात १९७९ साली जे पागोटं उतरवलं ते २००६ पर्यंत कुणी परत डोक्यावर ठेवलेलं नव्हतं.

पण मला ते गाणं भिडतं ते त्याच्या दुसऱ्या भागासाठी. एक तरुण कारखान्यात लागतो. वर्षं जातात. गाणं त्याला सांगतं, की तू मोठा होशील, शांत होशील, हाताखाली कुणीतरी मिळेल, त्याच्यावर हुकूम सोडताना तुला आपण मोठे झाल्यासारखं वाटेल, आणि तू त्यांच्यातला एक झालास हे तुला कळणारही नाही. 'शांत होशील' हे तिथं कौतुकानं म्हटलेलं नाही. भाची जेव्हा म्हणते, "एवढा शांत माणूस तू," तेव्हा मला दर वेळी हीच ओळ ऐकू येते.

अ‍ॅप्रेंटिस असताना मी ते गाणं दुसऱ्यांबद्दल आहे असं धरून चाललो होतो. २००८ मध्ये मी सुपरवायझर झालो. हाताखाली बावीस माणसं, त्यात सात कंत्राटी हेल्पर. लातूरकडचा एक मुलगा होता, वीस-एकवीस वर्षांचा. आठवड्यात तिसऱ्यांदा दहा मिनिटं उशिरा आला. मी त्याला शॉपच्या दारातच थांबवला आणि परत पाठवला. कंत्राटी माणसाला परत पाठवणं म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली. तो काही बोलला नाही. त्यानं मान हलवली आणि डबा हातात घेऊन गेटकडे चालत गेला. उन्हात त्याचा तो पिवळा स्टीलचा डबा चमकत होता. मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही. शिस्त लागली असं वाटलं.

संध्याकाळी घरी जाताना नववं गाणं लागलं. रोजचं, शेकडो वेळा ऐकलेलं. मी गाडी बाजूला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं. तो चाकणच्या पुढच्या एका वस्तीतून यायचा. ज्या टमटमनं यायचा ती पूर्ण भरल्याशिवाय निघायची नाही. त्याच वस्तीतून आणखी चौघं येत होते आणि रोज जीव मुठीत धरून येत होते. ठेकेदाराशी बोलायला मला आठवडा लागला. शेवटी त्या पाचजणांची वेळ पंधरा मिनिटांनी पुढे सरकवली, सुटायची वेळही तितकीच पुढे. एवढंच. क्रांती वगैरे नव्हे. पण त्या गाण्यात एक जागा आहे जिथं स्ट्रमर सांगतो की राग ही ताकद आहे, ती वापरता येते हे तुला माहीत आहे का? मी आधी तो राग वरच्यांवर काढायचा असं समजत होतो. त्या दिवशी तो मला स्वतःवर वापरावा लागला, आणि तो कामाला आला.

शब्द कळतात का, या प्रश्नाचं उत्तर हे. एकेक करून कळले. काही कळायला अकरा वर्षं लागली.

'स्पॅनिश बॉम्ब्स'बद्दल थोडक्यात लिहितो, पण वगळवत नाही. स्पेनच्या किनाऱ्यावर बास्क अतिरेक्यांनी हॉटेलांत बाँब ठेवल्याची बातमी १९७९च्या उन्हाळ्यात होती. स्ट्रमरला त्या बातमीनं १९३६च्या स्पेनमध्ये नेलं, लष्करी बंड करणाऱ्या फ्रँकोविरुद्ध लढायला निघालेल्या साध्या माणसांकडे, आणि ग्रानाडाजवळ गोळ्या घालून मारलेल्या लोर्का या कवीकडे. त्याचं प्रेत कुठं पुरलं ते अजून सापडलेलं नाही. चाल इतकी हसरी की सहलीचं गाणं वाटावं, आणि आत कबरी. ध्रुपदातलं स्पॅनिश तोडकंमोडकं आहे, पण म्हणणारा ते जीव तोडून म्हणतो. पुढे स्ट्रमर ग्रानाडात जाऊन लोर्काची जागा शोधत फिरला. आज त्या गावात एका छोट्या चौकाला स्ट्रमरचं नाव आहे.

आणि आता ते तुटलेलं दहावं गाणं.

पुण्यात २००४-०५च्या सुमाराला मला अल्बमची सीडी मिळाली. कव्हरही तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं: न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये सप्टेंबर १९७९ मध्ये बँडचा बेसवादक पॉल सिमोनन आपला बेस दोन्ही हातांनी डोक्यावरून आणून जमिनीवर आपटतोय. लोकांना खुर्च्यांतून उठू देत नव्हते, म्हणून तो भडकला होता. फोटो घेणाऱ्या पेनी स्मिथ यांना तो वापरायला नको होता, कारण तो धूसर आहे, फोकस गेलाय. स्ट्रमरनं हट्ट धरला. अक्षरं गुलाबी आणि हिरवी, एल्विस प्रेस्लीच्या १९५६च्या पहिल्या अल्बमवरून घेतलेली. रॉकअँडरोलच्या पहिल्या पानाची मांडणी घेऊन त्यावर वाद्य फोडणारा माणूस. मी ते कव्हर हातात घेऊन दुकानात किती वेळ उभा होतो कोण जाणे.

ते दहावं गाणं त्याच वाद्य फोडणाऱ्या माणसाचं आहे. 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन'. सिमोननला बँडमध्ये आला तेव्हा वाजवता येत नव्हतं. बोटं कुठं ठेवायची ते कळावं म्हणून बेसच्या दांड्यावर सुरांची नावं लिहिलेली असायची. तीन वर्षांत त्यानं लिहिलेलं आणि स्वतः म्हटलेलं हे पहिलं गाणं. गळा साधा, थोडा सपाट, आणि म्हणूनच अंगावर येतो. तो ब्रिक्स्टनमध्ये वाढला, जमैकाहून आलेल्या कुटुंबांच्या शेजारी. गाणं एक साधा प्रश्न विचारतं: ते तुमचं दार तोडायला आले, तर तुम्ही बाहेर कसे येणार, हात डोक्यावर ठेवून की बंदुकीवर? हे १९७९ चं. १९८१च्या एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटलं.

पेटण्याचं कारण जुनं होतं. १८२४च्या भटकेपणाविरोधी कायद्यातल्या एका कलमानं पोलिसांना नुसत्या संशयावरून कुणालाही धरता यायचं, आणि धरले जायचे ते बहुतेक काळे तरुण. ते वाचताना मला अनोळखी असं काही वाटलंच नाही. त्याच राज्यकर्त्यांनी १८७१ साली आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. जन्मानं गुन्हेगार ठरवायचं, हजेरी लावायला लावायची. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी कुठं चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. रात्री पालाच्या दाराशी बूट वाजणं काय असतं, ते सिमोननच्या बेसमध्ये आहे. माझ्या कॅसेटवर नेमकं तेवढंच आलं होतं. दारापर्यंत आलेली पावलं. पुढचं सात-आठ वर्षांनी ऐकलं.

शेवटच्या त्या निनावी गाण्याचंही तेव्हाच उमगलं. 'ट्रेन इन व्हेन'. कव्हर छापून झाल्यावर ते अल्बममध्ये आलं, म्हणून पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचं नाव नाही. रेकॉर्डच्या आतल्या कोऱ्या कडेवर नुसतं कोरलंय. माझ्या मित्राची यादी बरोबर होती.

कुणी म्हणेल, भांडवलशाहीविरुद्ध गाणाऱ्या या बँडनं सीबीएस या बड्या कंपनीशी १ लाख पौंडांचा करार केलाच होता ना. केला होता, १९७७ साली, आणि त्याची बोचणी त्यांनी स्वतःच्या गाण्यांतून सांगितली. पहिलं गाणं नंतर एका महागड्या मोटारीच्या जाहिरातीतही वाजलं. मला ते आवडलं नाही. पण याच कंपनीकडून त्यांनी दोन रेकॉर्डचा अल्बम एका रेकॉर्डच्या किमतीला, ५ पौंडांच्या आसपास, विकून घेतला. आधी म्हणाले, सोबत एक छोटी रेकॉर्ड फुकट द्या, आणि मग त्या 'छोट्या' रेकॉर्डवर नऊ गाणी भरली. बेकार पोराला परवडावं म्हणून भांडणारा बँड आणि ६० मिनिटांच्या कॅसेटवर ते उतरवून देणारा माझा मित्र, यांचं एकमेकांशी जमलं असतं.

स्ट्रमर २२ डिसेंबर २००२ रोजी गेला, पन्नासाव्या वर्षी, जन्मापासून हृदयात असलेल्या आणि कधीच न कळलेल्या दोषामुळे. मी दुसऱ्या पाळीला होतो. कळलं ते दोन दिवसांनी, पेपरातल्या चार ओळींवरून.

आता भाचीच्या फोनवर सगळा अल्बम एका बोटावर लागतो, न तुटता, नववं गाणं संपून दहावं सरळ सुरू होतं. ती कॅसेट माझ्या टेबलाच्या खणात आहे, फीत चिकटलीय, वाजत नाही. परवा गाडीत आम्ही दोघं होतो, भोसरीच्या उड्डाणपुलावर. क्लॅम्पडाउन संपलं, बेसचे ते जड सूर सुरू झाले, आणि गिअरवरचा माझा हात आपोआप उठला, कॅसेट उलटी करायला. भाचीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "ऐक, आता दारावर आलेत."

तिनं आवाज वाढवला.